तीनचाकी मागून बसली, तर आधी काय पाहावे?

सांगोल्यात कोणत्याही नाक्यावर दहा मिनिटे उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालवाहू तीनचाकी गाड्या मागून पाहाव्यात. काही गाड्यांचा हौदा जमिनीला समांतर असतो. काहींचा मागे खाली गेलेला असतो आणि पुढचे चाक उचलल्यासारखे दिसते. काही गाड्या एका अंगाला कललेल्या असतात. यांतल्या कितीतरी गाड्या त्या वेळी रिकाम्या असतात. ओझे उतरले, पण गाडी उठली नाही.

चालकाला विचारले तर उत्तर ठरलेले असते, "जुनी झाली, चालायचंच." हे उत्तर आम्हाला पटत नाही. गाडी वयाने थकते हे खरे, पण नुसत्या वयाने बसत नाही. ती कशाने तरी बसते. ते कारण शोधता येते, बऱ्याचदा दुरुस्तही करता येते. मात्र न शोधता केलेली दुरुस्ती काही महिन्यांत वाया जाते.

हा विषय गॅरेजचा आहे, कौटुंबिक मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या कितीतरी घरांची रोजी या तीन चाकांवर आहे. कोणी पहाटे भाजी आणतो, कोणी भंगार गोळा करतो, कोणी शेळ्या-बोकड बाजारात नेतो, कोणी डाळिंबाची कॅरेट भरतो, कोणी उन्हाळ्यात पाणी पुरवतो. गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्रीही आपल्यातलेच. गाडी दोन दिवस उभी राहिली की चूल, शाळेची फी आणि बँकेचा हप्ता या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. आमच्याही घरात अशी गाडी आहे. त्यामुळे हे लिहिताना आम्ही चालकाइतकेच त्याच्या घरच्यांनाही समोर ठेवले आहे.

ही गाडी मुळात कशासाठी?

तीन चाकांची छोटी मालगाडी ही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तंगीतून पुढे आलेली वस्तू आहे. इटलीत पियाजिओ कंपनीने 1946 मध्ये व्हेस्पा स्कूटर आणली आणि 1948 मध्ये त्याच स्कूटरच्या धर्तीवर तीनचाकी 'आपे' बाजारात आली. इटालियन भाषेत 'आपे' म्हणजे मधमाशी. अरुंद गल्लीतून थोडा-थोडा माल नेणारी, कष्टाळू आणि हलकी, म्हणून हे नाव. आपल्याकडे याच कंपनीचा कारखाना बारामतीला आहे. आपण सर्रास वापरतो तो 'टेम्पो' हा शब्दही असाच आला. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी 1958 मध्ये सुरू झाली. तिची पहिली ओळख तीनचाकी गाडीनेच झाली आणि कंपनीचे नाव पुढे प्रत्येक मालगाडीला चिकटले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की ही गाडी हलक्या ओझ्यासाठी आणि गावातल्या रस्त्यासाठी जन्मली. सांगोल्यात तिच्यावर वेगळेच काम पडले. हा दुष्काळी तालुका डाळिंबाने सावरला. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे निघाली. पण बाग ते स्टेशन, बाग ते बाजार समिती हा पहिला टप्पा रेल्वे करत नाही. तो पाणंदीतून, ओढ्यातून, मुरमाच्या चढावरून करावा लागतो. मोठी गाडी बागेत वळत नाही, तीनचाकी वळते. डांबरी रस्त्यासाठी घडलेली गाडी अशी शेतरस्त्याची गाडी झाली, आणि त्याचा मार सर्वांत आधी तिच्या मागच्या दोन चाकांवर बसला.

भार कोण पेलतो, उसळी कोण थांबवतो

मागच्या बाजूची रचना समजली, तर निम्मी फसवणूक टळते. आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू तीनचाकींत मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्म असतो. आर्मचे पुढचे टोक चेसिसला पिन आणि बुशवर अडकवलेले असते, मागच्या टोकाला चाक. दाराची बिजागरी जशी हलते, तसा हा आर्म वर-खाली हलतो. आर्म आणि चेसिस यांच्यामध्ये स्प्रिंग असते. काही गाड्यांत ती जाड रबराची, तर काहींत लोखंडी वेटोळ्याची असते. काही गाड्यांना कमानपाटे असतात. शिवाय प्रत्येक बाजूला एक शॉकअप असतो.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ओझे पेलते ती स्प्रिंग. शॉकअप ओझे पेलत नाही, तो स्प्रिंगची उसळी थांबवतो. खड्ड्यातून निघाल्यावर गाडी होडीसारखी डुलत राहिली, तर शॉकअप गेला. गाडी उभी असतानाच खाली बसली असेल, तर पहिला संशय स्प्रिंगवर घ्यावा. बसलेली गाडी घेऊन लोक गॅरेजला जातात आणि सांगतात, "शॉकअप बदला." नवे शॉकअप बसतात, पैसे जातात आणि गाडी होती तिथेच राहते.

स्प्रिंग बसते म्हणजे काय होते? रबर वर्षानुवर्षे दाबले गेले की ते पूर्ण उंचीला परत येत नाही. उन्हाने आणि वयाने ते कडक होते, त्याला भेगा पडतात. त्यावर डिझेल किंवा ऑइल ठिबकत असेल, तर ते फुगून मऊ पडते. लोखंडी स्प्रिंग मर्यादेपेक्षा जास्त वेळा दाबली गेली, तर तिची मूळ लांबीच कमी होते. कधी खालचे वेटोळे तुटते आणि ते चिखलात झाकलेले असल्याने दिसत नाही. पाट्यांची कमान सपाट होते, एखादा पाटा तडकतो.

पण दोष स्प्रिंगचाच असेल असे नाही. आर्मच्या पुढच्या टोकाचा बुश झिजला, तर चाक तिरपे होते. मागून पाहिले की चाकाचा वरचा भाग आत झुकलेला दिसतो आणि टायर आतल्या कडेने झिजतो. चेसिसवर स्प्रिंग जिथे टेकते, तिथल्या ब्रॅकेटला तडा गेला, तर स्प्रिंग चांगली असूनही गाडी बसते. आणि कधी कधी कारण अगदी साधे असते. एका टायरमध्ये हवाच कमी असते.

घरी करायची तपासणी

गॅरेजला जाण्याआधी ही तपासणी घरच्या अंगणात होते. तिला एक मोजपट्टी, एक वही आणि अर्धा तास लागतो.

पहिले, गाडी रिकामी करून सपाट फरशीवर किंवा काँक्रीटवर उभी करावी. सगळ्या टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरावी.

दुसरे, मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर, हौद्याच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही बाजूंनी. जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मोजायचे कारण असे की मग टायरच्या हवेचा फरक मापात येत नाही. दोन्ही आकडे तारीख घालून वहीत लिहावेत. दोन बाजूंत बोटभर फरक दिसला, तर कमी भरलेल्या बाजूचा स्प्रिंग, बुश आणि ब्रॅकेट बारकाईने पाहावा. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील, तर त्याच मॉडेलच्या एखाद्या चांगल्या गाडीचे माप घेऊन ताडून पाहावे.

तिसरे, मागच्या कोपऱ्यावर वजन टाकून गाडी दाबावी आणि एकदम सोडावी. एकदा वर येऊन थांबली, तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा डुलली, तर गेला. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला, तरी तो गेलाच.

चौथे, दहा पावले मागे जाऊन गाडीकडे पाहावे. चाके सरळ उभी आहेत का? हौदा समांतर आहे का? मग वाकून टायरची आतली कड हाताने तपासावी.

पाचवे, ब्रॅकेट आणि आर्मवरचा चिखल ब्रशने खरवडून, रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून, टॉर्च मारून पाहावे. तडा गेला असेल, तर तिथे गंजाची तांबडी रेघ दिसते. त्याच वेळी चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा रबरी बूट फाटलेला नाही ना, हेही पाहावे. गाडी बसली की शाफ्टचा कोन बदलतो, जॉइंट झिजतो, बूट फाटतो आणि आत माती शिरते. पुढचा मोठा खर्च तिथून सुरू होतो.

ही मापे दर महिन्याला वहीत लिहिली, तर गाडी डोळ्यांना बसलेली दिसण्याच्या कितीतरी आधी कागदावर कळते. वहीचे काम घरात जो हिशेब ठेवतो त्याच्याकडे द्यावे. बहुतेक घरांत ते काम बाईच करते, आणि चालकापेक्षा ती ते नेटाने करते.

गॅरेजमध्ये काय पाहावे

दुरुस्ती मिस्त्रीनेच करावी, पण मालकाने समोर उभे राहावे. काही गोष्टी स्वतः माहीत असलेल्या बऱ्या.

सर्वांत आधी जिवाची गोष्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. तीनचाकीला पुढे एकच चाक असते, त्यामुळे मागची एक बाजू उचलली की ती सहज कलंडते किंवा सरकते. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, चेसिसखाली दोन मजबूत लोखंडी घोड्या लावाव्यात, जमीन मऊ असेल तर घोड्यांखाली जाड फळी टाकावी. बाराव्या-तेराव्या वर्षी गॅरेजात हाताखाली आलेली पोरे मोठ्यांचे पाहून बिनधास्त आत शिरतात. त्यांना थांबवणे हे गाडीमालकाचेही काम आहे.

लोखंडी स्प्रिंग काढताना शॉकअपचा खालचा बोल्ट एकदम सोडू नये. काही गाड्यांत स्प्रिंग दाबून धरण्याचे काम तोच करत असतो. आर्मखाली जॅक लावून, बोल्ट काढून, मग जॅक हळूहळू खाली घ्यावा. नाहीतर स्प्रिंग उसळून बाहेर येते.

स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावी. डावी नवी आणि उजवी जुनी ठेवली, तर गाडी कललेलीच राहते, फक्त बाजू बदलते. पैसे कमी असतील, तर काम महिनाभर पुढे ढकलावे आणि तोवर ओझे कमी करावे, पण जोडी फोडू नये.

बुश हातोड्याने ठोकून बसवू नये, प्रेसवर दाबून बसवावा. ठोकल्याने त्याची कड दबते आणि नवा बुश जुन्यासारखा वागतो. लोखंडी किंवा पितळी बुशला ग्रीस हवेच. निप्पल असेल तर त्यातून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. रबरी बुशला मात्र साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. रबरी बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर, तिच्या नेहमीच्या उंचीवर असावी. आर्म खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी उतरवताच रबराला पीळ पडतो आणि ते लवकर फाटते. ही बाब छोटी आहे, पण बुश वर्षभर टिकणार की चार महिने, हे तीच ठरवते.

तुटलेल्या स्प्रिंगला किंवा तडकलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये, गॅसने तापवूनही उंच करू नये. स्प्रिंगचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, थंड करून लवचिक केलेले असते. आग लागली की तो गुण निघून जातो. वर तो तुकडा धड दिसतो, पण पहिल्या मोठ्या खड्ड्यात मोडतो. चेसिसच्या ब्रॅकेटचे वेल्डिंग करता येते. मात्र नुसत्या तड्यावर टाका न मारता आधार देणारी पट्टी जोडून करावे, आधी बॅटरीची वायर काढावी आणि डिझेलची टाकी, नळ्या जपाव्यात. सीएनजीच्या गाडीवर सिलिंडरच्या आसपास वेल्डिंग करूच नये.

शेवटी, काढलेले जुने भाग परत मागावेत. यात मिस्त्रीचा अपमान नाही. चांगला मिस्त्री स्वतःच जुना भाग हातात देऊन दाखवतो, "हे बघा, इथं गेलं होतं."

लाकडाचा ठोकळा

गाडी बसली की पहिला सल्ला मिळतो तो ठोकळ्याचा. स्प्रिंग आणि चेसिसच्या मध्ये लाकूड घाला, टायरचा तुकडा घाला, एक जादा स्प्रिंग घाला. आणि खरोखर, गाडी लगेच वर येते. खर्च जवळजवळ नाही. मग त्यात वाईट काय?

वाईट हे की गाडी उंच झाली, मजबूत झाली नाही. चाकाला वर-खाली होण्यासाठी जी जागा होती, ती ठोकळ्याने खाल्ली. आता खड्ड्यात चाक आदळले की धक्का स्प्रिंगमध्ये जिरत नाही, सरळ चेसिसला बसतो. बसलेली स्प्रिंग काही हजारांचे काम असते, चिरलेली चेसिस म्हणजे गाडीच गेली. शिवाय धक्का वर मालापर्यंत पोहोचतो. डाळिंब दिसायला टणक असते, पण कॅरेटमध्ये आदळून साल दबली की बाजारात त्याचा दर पडतो. बागाईतदाराने वर्षभर जपलेला माल शेवटच्या चार किलोमीटरमध्ये खराब होतो आणि पुढच्या वेळी तो दुसरी गाडी बोलावतो.

ठोकळ्याचा खरा दोष याहून मोठा आहे. गाडी का बसली, हा प्रश्नच तो झाकून टाकतो.

ओझ्याचा हिशेब

चांगली स्प्रिंग, नवा बुश, पक्के वेल्डिंग, सगळे नीट झाले तरी एक वर्षात गाडी पुन्हा बसली, तर दोष सुट्या भागांचा नाही, हौद्यातल्या मालाचा आहे.

आपली गाडी किती माल नेऊ शकते, हे अंदाजाने सांगू नये. ते गाडीच्या आरसी पुस्तकात लिहिलेले असते. त्यात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा करावा, त्यातून चालकाचे वजन वजा करावे. उरते ती मालाची मर्यादा. समजा रिकामे वजन 450 किलो आणि भरलेले 975 किलो लिहिले आहे. फरक 525. चालकाचे 75 वजा केले, उरले 450 किलो.

आता कॅरेट मोजू. डाळिंबाच्या एका कॅरेटमध्ये साधारण 20 किलो माल बसतो. रिकाम्या कॅरेटचे वजन धरून 22 किलो म्हणू. 450 किलोत 20 कॅरेट बसतात. प्रत्यक्षात 35 भरली, तर 770 किलो झाले, म्हणजे मर्यादेपेक्षा 320 किलो जास्त. पाच धडधाकट माणसे हौद्यात बसवल्यासारखे हे ओझे आहे. आणि मालाचा हौदा मागच्या चाकांवरच असल्याने त्यातले बहुतेक त्या दोन स्प्रिंगांवर येते. खड्ड्यात आदळताना क्षणभर ते आणखी वाढते.

पाण्याचा हिशेब तर याहून सोपा आणि याहून भयंकर आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची टाकी भरली की गाडीवर एक टन चढला. टाकी प्लास्टिकची, हलकी दिसते, म्हणून ओझे डोळ्यांना दिसत नाही. 500 लिटरची टाकीसुद्धा वरच्या उदाहरणातल्या गाडीला जड आहे. अर्धी भरलेली टाकी तर आणखी फसवी असते. वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडीला आपल्याबरोबर ओढते.

इथे तीन चाकांचे भूमितीही समजून घ्यावी. पुढे एक आणि मागे दोन चाके म्हणजे त्रिकोण झाला. गाडीचा तोल या त्रिकोणाच्या आत राहिला पाहिजे. चारचाकीला पुढे दोन कोपरे असतात, तीनचाकीला एकच टोक. म्हणून वळताना ब्रेक मारला की तीनचाकी पुढच्या बाजूला तिरकी कलंडू पाहते. त्यात ती आधीच एका अंगाला बसलेली असेल, तर कलंडायला फार काही लागत नाही. मागे दबलेल्या गाडीचे पुढचे चाक हलके पडते, हँडल नीट पकड घेत नाही, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बसलेली स्प्रिंग ही नुसती दुरुस्तीची बाब नाही, ती जिवाशी निगडित आहे.

कायदाही इथेच येतो. 2019 मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यानुसार जादा ओझ्याला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च. छोट्या गाडीवाल्याची कित्येक दिवसांची कमाई एका पावतीत जाते.

"आणखी दहा टाका की"

हे सगळे चालकाला कळत नाही असे नाही. त्याला ते आपल्यापेक्षा जास्त कळते, कारण गाडीचा आवाज तोच ऐकतो. पण बागेत कॅरेट रचलेली असतात, बागाईतदार म्हणतो, "आणखी दहा टाका की, एका खेपेत होऊन जाईल." नाही म्हटले, तर मागे दुसरी गाडी उभी असते. तिथे आरसी पुस्तकातला आकडा कोण वाचणार?

आम्ही या प्रश्नाचा बराच विचार केला. एकट्या चालकाने नाही म्हणणे अवघड आहे, हे खरे. पण दोन गोष्टी करता येतात. एक, भाडे खेपेवर न ठरवता कॅरेटवर ठरवावे. खेपेवर भाडे असेल, तर जास्त भरण्यात समोरच्याचा फायदा असतो आणि झीज आपली. कॅरेटवर असेल, तर 40 कॅरेट दोन खेपांत नेली काय आणि एका खेपेत नेली काय, पैसे तेवढेच मिळतात. जादा लागते ते एका फेरीचे डिझेल. दोन, एका गावातल्या, एका नाक्यावरच्या गाडीवाल्यांनी मिळून एक आकडा ठरवावा आणि पाळावा. सगळेच 20 भरतात म्हटल्यावर "मागची गाडी घेते" हे बोलणे बंद होते.

आणि घरात एकदा हिशेब मांडावा. वहीच्या एका पानावर वर्षभरातले स्प्रिंग, बुश, टायर, शाफ्ट, वेल्डिंग आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेले दिवस लिहावेत. दुसऱ्या पानावर दुसऱ्या खेपेचे डिझेल. दुसऱ्या खेपेचा खर्च रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून तो मोठा वाटतो. झिजेचा खर्च वर्षातून दोन-तीनदा एकदम येतो, आणि तो भिशीतून, बायकोच्या दागिन्यावरून किंवा उधारीवर भागवला जातो, म्हणून तो गाडीच्या नावावर चढतच नाही. दोन्ही पाने समोरासमोर ठेवली की घरातले सगळे मिळून ठरवू शकतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांनीच ठरवायची आहे. लग्नाला, उरुसाला, बाजाराला जाताना मालाच्या हौद्यात बायका-मुले बसवणे आपल्याकडे सहज चालते. माल हलला तर दोरीने बांधता येतो. माणसे वळणावर एका बाजूला झुकतात आणि बसलेल्या गाडीचा तोल नेमका तेव्हाच जातो. मालवाहू गाडीत प्रवासी नेणे नियमाबाहेर आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मुलाबाळांना हौद्यात बसवायचे नाही, एवढा नियम घरातल्या मोठ्यांनी एकदा घालून दिला की पुरे.

जुनी घ्यावी का, ठेवावी का?

जुनी गाडी विकत घेताना वरची तपासणीच करावी. रिकाम्या गाडीची मापे घ्यावीत, टायरची आतली कड पाहावी, स्प्रिंगखाली ठोकळा किंवा रबराचा तुकडा नाही ना पाहावा. ब्रॅकेटच्या जागी तेवढाच ताजा रंग दिसला, तर तो खरवडून पाहायची परवानगी मागावी. मालक नाही म्हणाला, तर उत्तर मिळाले असे समजावे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. त्याचा खर्चही किमतीत धरावा.

घरची जुनी गाडी ठेवायची की नाही, हे चेसिसवर ठरवावे. स्प्रिंग, बुश, शॉकअप, टायर हे झिजण्यासाठीच असतात, ते बदलले की गाडी पुन्हा उभी राहते. चेसिस एकदा वेल्ड केली, ती टिकली, ठीक. त्याच जागी किंवा शेजारी पुन्हा तडा गेला, तर त्या गाडीवर आणखी पैसे घालू नयेत.

येत्या डाळिंबाच्या हंगामाआधी एक सकाळ यासाठी काढावी. गाडी धुवावी, सपाट जागी लावावी, दोन्ही बाजूंची मापे घ्यावीत आणि आरसी पुस्तकातला आकडा वजाबाकी करून हौद्याच्या आतल्या बाजूला रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून टाकावा: कॅरेट 20. बागेत कोणी "आणखी दहा टाका की" म्हणाले, तर चालकाने वाद घालू नये. नुसते त्या अक्षरांकडे बोट दाखवावे.